प्लासिडचा उपवासकाळ

आमच्या वटार गावच्या नाटकमंडळीत प्लासिड प्रॉम्प्टर होता. मी सेनापती होऊन गर्जायचो. माझं पुढचं वाक्य विंगेत त्याच्या ओठांवर आधीच तयार असायचं. टाळ्या मला मिळाल्या. त्यातल्या निम्म्या आज जाहीरपणे त्याच्या नावे करतो.

१९९८ साली मुंबईत त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली. शांत खोलीत ती घड्याळासारखी वाजे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची मागे लागली. जखम झाली तर रक्त लवकर थांबायचं नाही, म्हणून त्याच्या बायकोने, आग्नेसने, कोयता कुलपात टाकला. केळीच्या वाडीत वाढलेला माणूस बांधावर नुसता बसून राही.

ऑपरेशनआधी त्याने नवस केला होता: घरी परतलो तर दर उपवासकाळात, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, मासळी-मटण वर्ज्य. तो त्याने पाळला. गोळीही चुकवली नाही. दोन्ही वेळा ताटभर मेथी, माठ, पालक, सगळं घरच्या वाडीतलं. पालेभाजी बेताने आणि रोज सारखीच खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवासाठी खाल्लेला पाला बाधेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

पहिल्याच वर्षी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्याला धाप लागली. आग्नेस छातीला कान लावून ओरडली, "अहो, नीट वाजत नाही हो!" इस्पितळात कळलं, भाजीने गोळीचा जोर मारला होता. झडपेवर गुठळी धरली होती. ती औषधाने विरघळवली, माणूस वाचला. आता बारा महिने जेवण एकसारखंच, मासळी सोडायची नाही आणि पाला रोज वाटीभरच, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं.

पुढच्या वर्षी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, तो कपाळावर राख घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, सगळा गाव काही ना काही सोडतोय. मला सोडायचीही सोय नाही."

"फादर काय म्हणाले?"

"आजाऱ्याला माफ आहे म्हणाले. पण शब्द मी फादरना कुठे दिला होता?"

शेकडो प्रयोगांत मी राजांची समजूत घातली. इथे मी सरकून त्याच्या शेजारी बसलो.

कुंपणापलीकडून आग्नेसची हाक आली, "अहो नवसकरी, बोंबील निवले! येताय, का मी विधवेचे काळे कपडे शिवायला टाकू?"

मीही त्याच्याबरोबर गेलो. तिने बोंबील आणि वाटीभर माठ वाढला, आणि समोर उभी राहिली. प्लासिडने क्रुसाची खूण केली. बराच वेळ हात मांडीवरच होता. मग वर बघून "माफ कर रे बाबा" म्हणाला आणि बोंबील मोडून तोंडात घातला, औषध घ्यावं तसा.

माठाची वाटी रिकामी झाली. त्याने ती हळूच पुढे सरकवली.

"उद्या," आग्नेस म्हणाली. "एवढीच."