सासऱ्यांची बारी आणि आकाशपाळणा

जावयाला सासुरवाडीत लई मान असतो म्हणतात. असंल. पण तो जावई मोबाईल टॉवरचं काम करणारा नसावा. मी हायवे सोडून पेठेवरून आत वळून सासुरवाडीच्या वेशीत शिरलो, की पायावर पाणी घ्यायच्या आधीच कुणीतरी नाकासमोर मोबाईल धरतं. त्यात ते गोल गोल फिरणारं चक्र. "जावईबापू, ह्ये बघा. सकाळधरनं फिरतंय." जसं काही ते मीच घरून फिरवून आणलंय.

मी मूळचा जुन्नरचा, त्यात डोकं लवकर तापणारा. पण सासुरवाडीत तापून सांगता कुणाला? मोबाईल टॉवरशी बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. टॉवरलाही पुढं शहराकडं बोलायला वाट लागते, हे मात्र कुणाच्या गावी नसतं. त्या वाटेला आमच्या धंद्यात बॅकहॉल म्हणतात, आणि ती रुंद करत फिरणं ही माझी रोजीरोटी. सासुरवाडीच्या टॉवरला एकच बारकी डिश होती. ती समोरच्या डोंगरावरल्या टॉवरकडं तोंड करून बसलेली. लोक नुसते गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात धाडायचे, त्या काळात ती पुरत होती. आता बटाटा लावणाऱ्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळे व्हिडिओ बघतात. वाट तीच आणि गर्दी चाकणच्या चौकातली.

सासऱ्यांना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. म्हटलं, "मामा, विहीर भरलेली आहे, पण पाइप अर्ध्या इंचाचा आहे."

"मंग तीन इंची टाका की," ते म्हणाले. "इहिरीला कशाला बोल लावता?"

विषय संपला. माझ्या कामाला ते काम मानतच नसत. काम म्हणजे शेती, आणि शेतीच्या वर एकच गोष्ट, बैलगाडा. त्यांचे चार बैल, त्यातला पुढच्या जोडीतला एक पांढरा अगदी वासरू असल्यापासून त्यांनी हाताने वाढवलेला. त्याला ते पोटच्या पोरापेक्षा जास्त जपत, आणि हे त्यांचं पोटचं पोर, म्हणजे माझा मेव्हणा, स्वतःच सांगत फिरे. गावच्या यात्रेतली बारी, म्हणजे आपला गाडा घाटात पळायची वेळ, त्यांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. शर्यतींवर कोर्टाची बंदी होती ती वर्षं सोडली तर. त्या वर्षांतसुद्धा यात्रेच्या दिवशी ते मोकळ्या घाटात जाऊन उभे राहत.

आणि त्या हिवाळ्यात ते गोठ्यात घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की यात्रेच्या गर्दीचं नावसुद्धा काढायचं नाही. घाट म्हणजे बैल पळवायची चढाची पट्टी, तिच्या दोन्ही अंगाला माणसांचे लोंढे. तिथं धडधाकट माणूस चेंगरतो.

मी बघायला गेलो तेव्हा ते कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. सासूबाई चहा आणायला आत गेल्यावर हळूच वळले.

"पावणं, तुमच्या त्या पाइपाचं यात्रेपातुर व्हईल का काही?"

मला आधी कळेचना. मग म्हणाले, "पोरगं मोबाईलवर दाखवतो म्हनलाय बारी. पर गेल्या साली काय झालं ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. गेल्या साली यात्रेत सगळं गाव एकदमच लाइव्ह गेलं आणि वाट तुंबली. मुंबईच्या भाऊबंदांना बारीऐवजी गाड्यापुढं वाट दाखवत पळणाऱ्या घोडीचं शेपूट दिसलं, तेही अर्धा तास, न हलता.

"आवंदा तेवढी बारी बघितल्याबिगर मला चैन पडायची न्हाई," ते म्हणाले. डोळे भरले होते. मला गलबलून आलं. या माणसानं लग्नापासून माझ्याकडं कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. मी छाती पुढं काढून शब्द देऊन बसलो, "मामा, यात्रेच्या आत फायबर आणतो."

बायकोनं घरी येऊन आधी पिशवी आपटली. मग म्हणाली, "बाजारात तुरी आणि तुमचं सगळं असंच."

तसं फायबरचं काम मंजूर होतं. केबल पेठेकडून रस्त्याच्या कडेनं गावापर्यंत आलीसुद्धा. पण टॉवर घाटाच्या पलीकडं, आणि मध्ये चर खणायचा तर घाट आडवा फोडावा लागणार. देवळासमोर बैठक बसली. नेट सगळ्यांनाच पाहिजे होतं, घाटाला हात मात्र लावायचा नव्हता. यात्रा तोंडावर, घाटावर पाणी मारून रोलर फिरवलेला. मी म्हटलं, खणू, बुजवू, दाबून देऊ. सगळे मान हलवत होते, कुणी हो म्हणत नव्हतं. तेवढ्यात मेव्हण्यानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं सासरे.

"घाटाला कुदळ लावायची न्हाई!"

"मामा, अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!"

"माज्यासाठी? आन् मऊ मातीत बैलाचा पाय गेला मंग? मला न्हाई दिसलं तरी चालंल. बैल शाबूत ऱ्हायला पायजे."

"बरोबर हाय," अख्खी बैठक म्हणाली आणि चहा आला.

माझं डोकं असं सणकलं! ज्याच्यासाठी चोरी करावी त्यानंच चोर म्हणावं. चहा न घेताच मी उठलो आणि टॉवरच्या पायथ्याशी जाऊन बसलो. तासाभरानं डोकं थंड झालं तेव्हा वाटलं, म्हातारा बोलतोय ते खोटं नाही. बैलाचा पाय गेला असता तर गावानं मला त्याच चरात पुरला असता, आणि केबलबरोबर मीपण कायमचा मार्गी लागलो असतो.

मग दुसरा मार्ग काढला. जुनी बारकी डिश उतरवून मोठी चढवायची, सोबत नवा रेडिओ, म्हणजे डिशमागचं सिग्नल धाडायचं यंत्र. फायबरएवढं नाही, पण यात्रेपुरतं भागेल. जुनीची जागा मोठीला पुरेना आणि वरच्या बाकी जागा सगळ्या भरलेल्या, म्हणून नवी डिश खालच्या टप्प्यावर बसवायची ठरली. दोन टॉवरच्या डिशना एकमेकींचं तोंड दिसलं पाहिजे, मध्ये काही येता कामा नये, एवढं एकच पथ्य. मी दुर्बीण लावून पाहिलं. समोर मोठं पडीक रान, त्याच्यापलीकडं थेट डोंगरावरचा टॉवर. मध्ये एक बाभूळ नाही. एक म्हैस होती, तीही बसलेली.

डिश चढली, लिंक लागली. काय नेट पळायला लागलं राव! सरपंचांनी नारळ फोडला. सासरे कॉटवर पडल्या पडल्या दुसऱ्या गावच्या बाऱ्या बघायला लागले. "थांबतच न्हाई की ह्ये," म्हणाले, आणि सासूबाईंना माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायला सांगितली. माझी कॉलर ताठ झाली.

यात्रेच्या दिवशी दुपारी सासूबाई आणि बायको देवाला निवद घेऊन गेल्या. मेव्हणा घाटात, हातात मोबाईल. मी घरी सासऱ्यांच्या उशाशी. त्यांचा मोबाईल तांब्याला टेकून उभा केलेला. घाट दिसला, गर्दी दिसली, आपले बैल कडेला उभे दिसले आणि चित्र गेलं. मग आलं. परत गेलं. परत आलं.

सासरे बराच वेळ टक लावून बघत होते. म्हणाले, "पावणं, ह्ये झोका खातंय."

खरंच, ते अगदी ठरल्यासारखं येत-जात होतं. मी ओट्यावर आलो. घरांच्या वर, लाल-पिवळ्या छत्र्यांचा आकाशपाळणा संथपणे फिरत होता. एक पाळणा वर आला की आतून सासऱ्यांचा आवाज, "गेलं!" तो पुढं सरकला की, "आलं!"

बोंबला! ते पडीक रान म्हणजे यात्रेचं मैदान. सर्व्हे केला तेव्हा तिथं म्हैस होती, आज पाळणा होता. आणि हे मला माहीत नव्हतं म्हणावं तर दरवर्षी त्याच रानात बसून मी भेळ खाल्ली होती.

मोटारसायकल काढली. जिलेबीवाले, बांगडीवाले, पिपाण्या वाजवणारी पोरं, सगळ्यांच्या शिव्या खात पाळण्यापाशी पोचलो. पाळणेवाले चाचा जुन्नरचेच, आमच्या पलीकडच्या आळीतले. मी लहानपणी त्यांच्या पाळण्यात बसून ओकलो होतो, ही ओळख त्यांच्या पक्की लक्षात होती.

"चाचा, पाळणा थांबवा!"

"का? कुणी ओकलं?"

"नेटवर्क अडतंय. सासऱ्यांची बारी आहे, ते कॉटवर पडलेत, त्यांना दिसत नाहीये."

चाचांनी एकदा माझ्याकडं, एकदा वर बघितलं. "अरे बेटा, माणसं भरलीत. थांबवला तर शिव्या मला बसतील." पण बोलता बोलता त्यांनी इंजिन बारीक केलं. "खुबा मोडला तेच ना? दरसाल माझ्या गड्यांना त्यांच्या घरून भाकरी येते. बोल, कुठं थांबवू?"

मी माझ्या मोबाईलवर तेच लाइव्ह लावलं आणि ओरडायला लागलो, "थोडा पुढं... अजून... नको, मागं!" आयुष्यभर डिशा जुळवल्या, आकाशपाळणा पहिल्यांदाच जुळवत होतो. शेवटी दोन पाळण्यांच्या मधल्या फटीतून डिशला डोंगर दिसला आणि चित्र लख्ख झालं. "बस! हलवू नका!"

वर एकच कालवा उठला. सगळ्यात उंच पाळण्यातून ओळखीचा आवाज आला, "कुण्या मुडद्यानं थांबवला गं?"

मी वर बघितलं. सासूबाई! दांडी घट्ट धरलेली, डोळे मिटलेले, देवाचा धावा चाललेला. शेजारी माझी बायको. एकदा बस गं आई म्हणून हिनंच त्यांना वर चढवलं होतं.

"तुझ्याच जावयानं थांबवलाय," बायको वरून म्हणाली.

मग सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला, "आसंल काईतरी कारण."

तेवढ्यात घाटातला भोंगा गरजला. "आता येतोय, ज्यांचा खुबा मोडलाय पर हौस मोडली न्हाई, त्या आपल्या गाडामालकांचा गाडा!" मी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्याचं तोंड, शिंगांना लावलेला रंग, सगळं स्पष्ट. मनात म्हटलं, मामा, बघा आता. भोंगा ओरडला, "सुटला! भिर्रर्रर्र!"

आणि मेव्हणा बैलांबरोबर पळाला.

पळणारच की. गाडामालकाचं पोरगं ते, बारी सुटल्यावर एका जागी उभं राहील? ह्याचा विचार बैठकीत कुणी केला नाही, सर्व्हेत केला नाही, मीही केला नाही. मोबाईलवर माती दिसली, चपला दिसल्या, कुणाचं तरी धोतर, मग आभाळ, मग भंडारा. सगळं पिवळं. लिंक इतकी झकास की एकदाही अडखळली नाही. फक्त तिच्यात बैल नव्हते.

मी मटकन खालीच बसलो. एवढा आटापिटा केला, म्हातारं माणूस तिकडं आभाळ बघत पडलं असणार. रडू यायला लागलं, खरं सांगतो.

आणि वरून किंकाळी आली, "आगं, त्यो बघ! त्यो बघ माझा पांढरा!"

सासूबाई पाळण्यात चक्क उभ्या राहिल्या होत्या. बायको त्यांचा पदर ओढत होती, "आई, बस गं, पडशील!" त्यांना ऐकूच येत नव्हतं. त्या उंचीवरून सगळा घाट खालपासून वरपर्यंत उघडा दिसत होता. बायामाणसं कधी घाटात जात नसत. इतकी वर्षं त्या बैलांना वैरण घातली, आंबोण शिजवून चारलं, आजारपणात गोठ्यात निजल्या, आणि यात्रेदिवशी दारात आरतीचं ताट घेऊन वाट बघितली. गाडा कसा पळाला ते त्यांना बैलांच्या पाठीवरच्या भंडाऱ्यावरून कळायचं, बाकीचं सासरे सांगतील तेवढं.

चाचांनी पाळणा खाली घेतला तेव्हा उतरल्या, पण माझ्याकडं लक्ष नव्हतं. माझ्या मागं मोटारसायकलवर बसल्या आणि म्हणाल्या, "लवकर हाणा!"

घरी सासरे मोबाईलकडं बघत पडले होते. पडदा अजून पिवळाच. मला बघून म्हणाले, "पावणं, नेटवर्क लई भारी झालं. आभाळ येकदम सोच्छ दिसलं." माझी मान खाली गेली. बोललेही ते माझी समजूत काढायलाच, आणि तेच जास्त लागलं.

सासूबाई मला बाजूला सारून कॉटवर बसल्या. "म्या बघितला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडा. आपला. वरनं, पाळण्यातनं. समदा बघितला, सुटल्यापासनं निशाणापातुर."

सासऱ्यांनी मोबाईल पालथा घातला. "घोडी किती म्होरं व्हती?"

"कुटली म्होरं! निम्म्यात गाठली तिला. बिचारी कडंला झाली."

"आन् पांढऱ्याची मान?"

"खाली. आंबोणाच्या घमेल्यात घालतो ना, तश्शी. कान मागं पाडलेलं. मला तर वाटलं, आता माझ्याकडंच येतोय."

सासऱ्यांनी डोळे मिटले. आजवर या घरात घाटातली गोष्ट ते सांगत आणि त्या चुलीपाशी ऐकत. बाहेर घुंगरं वाजली, बैल दारात आले, भंडाऱ्यानं माखलेला मेव्हणा आरडत आत शिरला, "आबा, गाडा पयल्या नंबरात बसला! ऐका, कसं झालं..."

"गप रे," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "तुजी आई सांगतीय." मग त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "हां. आता पयल्यापासनं सांग."