गीझरचं लाल बटण

मी मेंटेनन्स इंजिनिअर. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात कुठलंही मशीन अडलं की आधी माझ्या नावानं हाका सुरू व्हायच्या, आणि मला त्याचा भयंकर माज होता. म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या ऑगस्टमध्ये शारजाच्या आमच्या फ्लॅटमधला गीझर सारखा बंद पडायला लागला आणि वॉचमन इलेक्ट्रिशियन पाठवतो म्हणाला, तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. माझ्या घरातला गीझर दुसरा कोण दुरुस्त करणार?

खरं तर ऑगस्टमध्ये तिकडे गीझर कुणी लावत नाही. गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की भरदुपारी थंडचा नळ सोडला तरी हात पोळतो. पण आम्हाला मुलगी झाली होती आणि बायकोच्या बाळंतपणाला पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना मीही आईच म्हणायचो. बाळबाळंतिणीची अंघोळ सकाळी लवकर आणि पाणी चांगलं कढत, हा त्यांचा नियम. टाकीतलं पाणी त्या वेळी जेमतेम कोमट असायचं, म्हणून गीझर. थंडच्या नळाला थंड पाणी नसतं हे कळल्यावर त्या खूप हसल्या, आणि विसणासाठी एक बादली आदल्या दिवशीच एसीच्या खोलीत भरून ठेवू लागल्या. पुण्यात त्यांच्या गल्लीतली निम्मी बाळं त्यांच्या पायांवर न्हालेली होती. त्यांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे.

गीझर लावला की अर्ध्या तासात बंद. मी स्टुलावर चढलो, फॉल्स सीलिंगची फळी काढली, गीझरचं झाकण उघडलं. आत एक लाल बटण बाहेर आलेलं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की ते बटण करंट तोडतं. दाबलं, गीझर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आई बाथरूमच्या दारातून संकोचून सांगायच्या, गेला वाटतं परत. चार दिवसांत माझं डोकं फिरलं. सोमवारी कामावरून आल्या आल्या मी वायरचा एक तुकडा घेतला आणि ते बटणच बायपास करून टाकलं. खलास.

थर्मोस्टॅट गेलाय आणि बटण तेच ओरडून सांगतंय, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. शुक्रवारी सुट्टीला नवा आणू, इन्शाल्ला, असं मीच मला सांगितलं. दोनच महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या बॉयलरचा सेफ्टी स्विच एका ऑपरेटरनं असाच बायपास केला होता. त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला मायदेशी धाडायला लावणारा मीच होतो.

मंगळवारी सकाळी आई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, बाळ पायांवर पालथं. बादलीतलं पाणी संपलं म्हणून त्यांनी बसल्या जागेवरूनच गरमचा नळ सोडला. वाफ फुसफुसली आणि उकळतं पाणी उडालं. आईंनी हात आडवा घातला म्हणून बाळाचं डोकं वाचलं. पाठ आणि मांडी नाही वाचली. ते रडणं मला अजून ऐकू येतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं हिंदीत विचारलं, बच्ची को नहला कौन रहा था? आईंनी भाजलेला हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मूल पायांवर असताना मी नळ सोडायला नको होता." मी शेजारीच उभा होतो. कपडे आणायला म्हणून घरी गेलो आणि सगळ्यात आधी ती वायर काढली.

बायकोनं आईला बजावलं की यापुढे बाळाला हात लावायचा नाही. आईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. एअरपोर्टवर मला म्हणाल्या, "तुम्ही तरी तिला समजावा. मी मुद्दाम नाही हो केलं." मी म्हटलं, हो आई. त्यानंतर त्यांनी गल्लीतल्या एकाही बाळाला अंघोळ घातली नाही, असं कळलं. मला माझीच शिसारी आली. पण सांगितलं नाहीच. भेकड माणूस.

मुलगी सात-आठ वर्षांची झाल्यावर एकदा जेवताना तिनं मांडीवरच्या डागाचं विचारलं. आजीच्या हातून गरम पाणी उडालं, बायको म्हणाली. तेव्हा आमची लेक इंग्रजीतच बोलायची. "सो, आजी डिड धिस?" बायकोनं तिला आणखी भात वाढला. मी म्हटलं, यल्ला, जेवण संपव.

त्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो. आईंनी ये गं म्हणून हात पुढे केले, तर पोरगी माझ्या मागे दडली आणि शर्ट घट्ट धरून राहिली. बायको तिला रागावणार होती. आई म्हणाल्या, "राहू दे. तिचं बरोबरच आहे." आणि त्यांनी हात पदराखाली घेतले.