कोळंबीच्या सालीला हिरवा ठिपका

"नाखवा, एवढंच लिहून द्यायचंय, की माल व्हेज आहे," सामंत साहेब म्हणाले.

मी मासळी वाळवायच्या खळ्यात उकिडवा बसलो होतो. समोर कोळंबीच्या सालींचा ढीग, वर कावळे, बाजूला मांजरं. हातात कोळंबीचं एक डोकं होतं, मिशांसकट. ते मी साहेबांसमोर धरलं.

"हे व्हेज?"

"डोकं बाजूला ठेवा हो," साहेब मागे सरकले. "मी सालीबद्दल बोलतोय."

साहेब म्हणजे कंपनीचे पर्चेस मॅनेजर. पायात चकाचक बूट, नाकाला रुमाल. दर भेटीला हा माणूस आमच्या खळ्यात नाक धरून उभा राहतो आणि मालाची क्वालिटी तपासतो.

आधी माझा धंदा सांगतो. नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडी विकून बरीच वर्षं झाली. लोकांनी नाखवा म्हणणं सोडलं नाही आणि मी सोडू दिलं नाही. शिक्षण चौथी. आमच्या रेवदंड्याच्या बाजूला सोडे करतात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सोडे मुंबईला जातात, साल इथेच राहते. पूर्वी ती माडाच्या मुळात टाकायचो. आता मी ती गोळा करतो, बाया धुतात, उन्हात वाळवतात आणि भरलेल्या गोणी एमआयडीसीतल्या एका कंपनीला जातात. कंपनीच्या कागदावर मी रॉ मटेरियल व्हेंडर आहे. म्हणजे लोकांचा कचरा विकणारा, पण इंग्रजीत.

कंपनी त्या सालीचं काय करते? आधी अ‍ॅसिडमध्ये बुडवते, त्याने सालीतला चुना जातो. मग कॉस्टिकमध्ये शिजवते, त्याने चिकटलेलं मांस जातं. मागे राहते पांढरी पावडर, तांदळाच्या पिठासारखी. तिला कायटोसान म्हणतात. ऑपरेशननंतर जखम शिवतात, तो धागा ही पावडर विरघळवून तिच्यातून काढतात, म्हणजे तिचा पातळ थर बसतो. याला म्हणतात कोटिंग. धाग्यावर जंतू बसायला बघतात आणि मग टाका पिकतो. कोटिंग असलं की त्यांना बसायला जड जातं.

हे मला कंपनीच्या केमिस्ट तांबोळी मॅडमनी सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे होडीच्या तळाला रंग मारतो तसं. कालवं धरू नयेत म्हणून."

"तसंच काहीसं," मॅडम म्हणाल्या.

'काहीसं' मी सोडून दिलं. तसंच.

तर आता हे व्हेजचं काय निघालं? पनवेलकडे एका ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल आहे. त्यांना हा धागा घ्यायचा होता. ट्रस्टचे मुख्य शेठ कडक शाकाहारी. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये अंडं नाही, कांदासुद्धा नाही. आमच्या कंपनीत कोणाच्या तरी डोक्यात आलं, की शेठला कोळंबीचं कळलं तर ऑर्डर गेली. म्हणून धाग्याच्या डब्यावर हिरवा ठिपका छापायचा, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. आणि उद्या कोणी विचारलं तर दाखवायला व्हेंडरची सही पाहिजे. व्हेंडर म्हणजे मी.

"सही केलीत तर शेड मंजूर," साहेब म्हणाले. "पत्र्याची. आणि गोड्या पाण्याचा नळ."

हातातलं डोकं मी खाली ठेवलं. साल खाऱ्या पाण्यात धुतलेली कंपनीला चालत नाही. बाया विहिरीवरून हंडे आणतात. पावसात तळ्यात पाळलेली कोळंबी येते, सोलणं चालू असतं, पण उघड्यावर साल वाळत नाही. मग आमचं काम बंद आणि बाया घरी. शेड आणि नळ आम्ही किती वर्षं मागत होतो.

साहेब गेले आणि खळ्यात सभाच भरली. आमच्या बायांची पुढारी म्हणजे पारूबाय, माझ्या थोरल्या भावाची बायको. वहिनी सोलायला बसली की हात दिसत नाहीत आणि बोलायला लागली की समोरचा दिसत नाही.

"भावजी, सही करा," ती म्हणाली. "तुमच्या सहीनं कोलंबी काय वांगं व्हनार नाय."

"मग सही पाहिजे कशाला त्यांना?"

"त्यांना पायजे. आपल्याला शेड पायजे."

दुसरी म्हणाली, "नारलाची करवंटी व्हेज ना? मंग ही कोलंबीची करवंटी."

"मंग गो, श्रावणात खाशील का?" तिसरीने विचारलं.

"साल कोन खातंय, मेले? श्रावण नसला तरी कोन खातंय?"

सगळ्या हसल्या. वहिनी हसली नाही. "हसा. पावसात परत कमरंवर हात ठेवून बसा. नाखवाची अब्रू वाचली म्हंजे झालं."

मी म्हटलं, "मी आयुष्यात बोंबलाला बोंबील आणि कोळंबीला कोळंबीच म्हटलंय."

"म्हनूनच व्हडी विकावी लागली," वहिनी म्हणाली आणि हंडा उचलून चालती झाली.

होडी त्या कारणाने विकली नव्हती. पण वहिनीशी वाद घालायचा तर आधी जेवून घ्यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीने मीटिंगला बोलावलं. एसी इतका, की मी गळ्यातला पंचा डोक्याला गुंडाळला. सामंत साहेब, तांबोळी मॅडम, आणि मार्केटिंगचा एक पोरगेला साहेब, त्याच्या भिंतीवर चित्रं पाडायच्या मशिनीसकट. भिंतीवर हिरवं पान, निळा समुद्र आणि हसणारी नर्स. कोळंबी कुठेच नाही.

"नाखवा, दूध कशाचं?" मार्केटिंगवाल्याने विचारलं.

"गाईचं. तुमच्याकडे कशाचं?"

"करेक्ट! अ‍ॅनिमलचं. तरी व्हेज. मग हे पण टेक्निकली व्हेज."

मी म्हटलं, "साहेब, दूध काढल्यावर गाय उभी असते. मी तुम्हाला कोळंबी देतो. तिची साल काढा आणि मग ती पोहताना दाखवा. लगेच सही करतो."

मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्या सामंतांना म्हणाल्या, "सर, डब्यावर कोळंबी लिहायलाच पाहिजे. कोणाला कोळंबी सोसत नसेल तर डॉक्टरांनी आधी विचारायला हवं."

"पण सोसत नाही तो भाग आपण धुऊन काढतो ना?"

"काढतो. तरी विचारायचं."

"लिहिलं तर डॉक्टर विचारतील, मॅडम!"

"हो."

"विचारलं तर पेशंट घाबरेल."

"एखादा घाबरेल."

"मग लिहायचं कशाला?" साहेबांनी हात पसरले. एवढी सोपी गोष्ट मॅडमना कशी कळत नाही, असा त्यांचा चेहरा.

तोपर्यंत माझा हट्ट होता तो नावाचा. खोट्यावर माझं नाव नको, एवढाच. मॅडमचं ऐकलं आणि मला माझा जावई आठवला. जावई न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात आहे. माणूस आतल्या गावचा, भातशेतीवाल्यांचा. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला. सासुरवाडीत नाही कसं म्हणायचं, म्हणून काही न बोलता कोळंबीचं कालवण खाल्लं त्याने. पानावरून उठेपर्यंत ओठ पावासारखे फुगले, अंगावर लाल गांधी उठल्या, श्वास लागला. रिक्षात घालून अलिबागला पळवला. वाचला. तेव्हापासून आमच्याकडे त्याला चिकन करतात आणि सगळा पाडा त्याला चिकन जावई म्हणतो.

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं आणि विचारलं, "उद्या हा माणूस त्या हॉस्पिटलात टेबलावर आडवा झाला, डब्यावर हिरवा ठिपका, तर त्याला कोण विचारणार? तुमची ती भिंतीवरची नर्स?"

"तो एक्स्ट्रीम केस आहे," मार्केटिंगवाला म्हणाला.

"तो माझा जावई आहे."

सामंत साहेबांनी फाईल बंद केली. "नाखवा, खाडीपलीकडचा व्हेंडर सही करायला तयार आहे. विचार करा. शेड तिकडे जाईल."

घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून खळ्यात माझ्याशी कोणी बोलेना. वहिनी बोलायची, पण मांजराशी. "खा रे बाबा, खा. तुला काय, तुला सही करायची नाय." बाया हंडे घेऊन माझ्या समोरूनच जायच्या, लांबचा रस्ता धरून. मला दिसावं म्हणून. दिसत होतं. मान खाली घालून मी साल उलटीपालटी करत राहायचो. सही मात्र केली नाही. दोन वेळा पेन मागितलं आणि दोन्ही वेळा परत दिलं, हे खरं आहे.

मग निरोप आला, की ऑर्डर देण्याआधी शेठ स्वतः जागा बघायला येणार. खाडीपलीकडच्या व्हेंडरकडे गाडी जायला रस्ता नव्हता. म्हणून यायचं ठरलं आमच्याकडे.

आदल्या दिवशी सामंत साहेब माणसं घेऊन हजर. खळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण. गुलाबपाणी शिंपडलं. चारी कोपऱ्यांत उदबत्त्या. वाळत घातलेले बोंबील उतरवून माझ्या पडवीत लपवले. मांजरं घालवायला एक स्वतंत्र माणूस, तो संध्याकाळपर्यंत घामाघूम, मांजरं तिथेच. बायांना सांगितलं, कोळंबी हा शब्द काढायचा नाही. शेठने विचारलं तर म्हणायचं, 'सागरी साल'.

"आनि मासा बोलायचा का?" वहिनीने विचारलं.

"मासा अजिबात नाही!"

"मंग समुद्रात काय हाय बोलायचं? पानी?"

"नाखवा," साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बोलूच नका. तुमचा घसा बसलाय."

सकाळी गाडी आली. उदबत्ती, गुलाबपाणी आणि कोळंबी यांचा मिळून असा काही वास सुटला होता, की आयुष्यात पहिल्यांदा मीसुद्धा पंचा नाकाला लावला. शेठ उतरले. वय माझ्याएवढंच. पांढरा सदरा, पायात साध्या चपला. रुमाल काढला नाही. सरळ ढिगाजवळ आले, मूठभर साल उचलली आणि मलाच विचारलं, "काका, ही कशाची?"

सामंत साहेब पुढे झाले. "सर, मरीन ओरिजिन..."

"मी काकांना विचारलं."

मी बायांकडे बघितलं. वहिनीने मान दुसरीकडे फिरवली. शेड तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिलेली होती, आणि ती मी पाडणार हे तिला ठाऊक होतं.

"कोळंबी," मी म्हटलं.

सामंत साहेबांचा रंग त्या पावडरसारखा झाला.

शेठ म्हणाले, "ते मला दिसतंय. मी बरीच वर्षं भाऊच्या धक्क्याला होड्यांना बर्फ विकला. साधी कोळंबी, टायगर, सगळी ओळखतो. मला वाटलं, तुम्ही काय सांगता बघू."

"शेठ, तुम्ही? मासळीच्या धंद्यात?"

"मासळीच्या नाही, बर्फाच्या. माझा बर्फ शुद्ध शाकाहारी होता."

बायांना हसू फुटलं. वहिनीने पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. शेठही हसले. मग तांबोळी मॅडमकडे वळले. "याने टाके कमी पिकतात?"

"आमच्या टेस्टमध्ये कमी," मॅडम म्हणाल्या. "पण डॉक्टरांनी हात धुतले नाहीत, तर या कोटिंगचा काही उपयोग नाही."

"मग डब्यावर कोळंबी लिहा, मोठं. पेशंटला विचारा. चालत असेल त्याला हा, नसेल त्याला साधा धागा. माझं ऑपरेशन झालं तर मला साधाच. पण दुसऱ्याची जखम पिकत ठेवायला मला कोणी सांगितलं?"

"एक्झॅक्टली सर," सामंत साहेब म्हणाले. "आम्ही पहिल्यापासून हेच म्हणतोय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते उदबत्तीकडे बघत होते.

ऑर्डर आली, ठरली होती त्याच्या निम्मी. कारण पेशंटला विचारायला लागल्यावर निम्मे लोक नातेवाइकांसमोर नको म्हणाले. मग हळूहळू वाढली. मॅडमनी कारण सांगितलं. नातेवाईक बाहेर गेले, की पेशंट सिस्टरला हळूच म्हणतो, तो चांगलावाला लावा, घरी बोलू नका. दोघाचौघांनी कोळंबी सोसत नाही असंही सांगितलं, त्यांना साधा लावला. जावयाला अजून काही झालेलं नाही, पण झालं तर विचारतील.

शेडही आली. नळही आला. नळाला पाणी अजून आलेलं नाही, तो वेगळ्या खात्याचा विषय आहे. कंपनीच्या मासिकात प्रामाणिक लेबलिंगबद्दल सामंत साहेबांचा फोटो छापून आला. मागे आमचं खळं आहे, कावळ्यांसकट.

पहिल्या पावसाळ्यात शेडमध्ये साल पसरताना वहिनी म्हणाली, "भावजी, सही केली असती तर ही शेड दोन महिने आदी आली असती."

"व्हय. हिरव्या ठिपक्याची."

"पाऊस ठिपका बगून पडत नाय," ती म्हणाली आणि कामाला लागली. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही.

धंद्यातल्या नवीन पोरांना मी एवढंच सांगतो. साहेब लोक ज्या शेठला घाबरून खोटं लिहायला सांगतात, त्या शेठला कोणीच काही विचारलेलं नसतं. आधी विचारा. फार तर नाही म्हणेल. आणि खरं बोलून काम झालंच, तर फोटोची वाट बघू नका.