उंबऱ्यावर बसणारे अय्या

आमच्या अय्यांइतका दमलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. गावासाठी मागत फिरणारा माणूस कसा, चपळ हवा, बोलका हवा, चार गोड शब्द पेरणारा हवा. अय्यांकडं यातलं काहीच नव्हतं. ते दारात यायचे, काठी भिंतीला टेकवायचे, झोळी मांडीवर घ्यायचे आणि थेट उंबऱ्यावर बसायचे. ओट्यावर नाही, बाजेवर नाही, उंबऱ्यावरच. "दमलो गं बाई," एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

आता उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बसलेला माणूस पडला जंगम, लिंगायतांच्या घराचा गुरू. त्याला ऊठ कोण म्हणणार? घरातली बाई पार घायकुतीला यायची. "उठा की वो अय्या, लक्ष्मी अडली दारात!" अय्या डोळे न उघडता म्हणायचे, "अडू दे. ती बी दमली आसंल." मग बाई लगबगीनं आत जाऊन मूठभर ज्वारी आणून झोळीत टाकायची, तेव्हा कुठं अय्या गुडघ्यावर हात देऊन उठायचे. पुढचं घर, पुढचा उंबरा. आमच्या गावचं वाचनालय असं गोळा झालं.

निजामाच्या अमलाची ती शेवटची वर्षं. आमचं गाव माकणी-सास्तूरच्या पट्ट्यातलं, घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू बोलणारं. मी उस्मानाबादेला चार बुकं शिकून परतलो होतो आणि अंगात भलती रग होती. आम्हा चौघा मित्रांकडं पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात फाटकीतुटकी पुस्तकं. त्या पेटीचं वाचनालय करायचं, त्याला दगडी खोली बांधायची, असं आम्ही ठरवलं. मी पारावर सभा भरवून भाषण ठोकलं. लोकांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि उठून घरी गेले. एकटे अय्या बसून राहिले. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण शिकलेल्या प्रत्येकाला ते मास्तरच म्हणत. "तुमी खोलीचं बघा. मागायचं काम म्या करतो."

मी विचारलं, "अय्या, तुम्हाला पुस्तकांची एवढी आवड?"

"आवड कसली डोंबलाची! ह्ये गाव मला खातंय बाबा. पाऊस कधी, मला इचारा. पोरगं अंग का टाकतंय, मला इचारा. कागद आला, मला वाचायला लावा. येक माणूस किती सांगंल? पुस्तकं आणा. गावाला वाचू द्या आन मला निजू द्या."

ही त्यांची थट्टा नव्हती. पहाट झाली की त्यांच्या मठाच्या दारात माणसं उभी असत आणि अय्या खरंच थकून गेले होते. तरी कुणाला परत पाठवायचं त्यांना जमत नसे. म्हणून आपली सुट्टी व्हावी यासाठी साठीच्या त्या माणसानं आणखी एक काम अंगावर घेतलं. याला काय म्हणावं, मला आजही कळत नाही.

सोमवारची भिक्षा मठाची, म्हणजे त्यांच्या पोटाची, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांनी गुरुवारची नवी फेरी काढली. "आजचं माझं न्हाय बरं का, पुस्तकाचं हाय," असं ते दारोदार सांगत. ती ज्वारी मठातल्या एका कणगीत साठायची आणि उन्हाळ्यात आम्ही ती गावाबाहेरच्या पेवात उतरवायचो. जमिनीच्या पोटातला तो खोल खड्डा, आतून कडब्यानं मढवलेला. तोंड दगडानं आणि चिखलानं लिंपलं की ज्वारी वर्षानुवर्षं राहते. पण भिजकं, सडकं आत गेलं तर सगळ्याची माती होते.

आणि इथंच माझ्या जिवाला घोर होता. आमच्याकडं प्रत्येक घरात भिक्षेचं एक वेगळं मडकं असे. निवडून टाकलेली, टोकरलेली, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी त्यात जायची. यात कुणाचा कपटीपणा नव्हता. आजी तसं करायची, आई तसंच करायची. भिक्षेकऱ्याला मडक्यातलं आणि घराला कणगीतलं, हा रिवाजच. मग गुरुवारी अय्या आले तरी बाईचा हात सवयीनं त्याच मडक्यात जायचा. माझी आई डोळ्यांदेखत तसं करायची. मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "मग काय पेरणीची देऊ? दान ते दान!"

खोलीच्या परवानगीसाठी मी आणि अय्या कचेरीत गेलो. अर्ज घेणारा कारकून वयस्क होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "क्या करते इत्ते किताबां का? गाँव में पढ़ने वाले कित्ते?" मी उत्तर जुळवत होतो, तोवर अय्या फरशीवर फतकल मारून म्हणाले, "साब, लोगां पूछ पूछ के मेरी जान खाते. किताबां आए तो मेरेकू छुट्टी." कारकून पोट धरून हसला. त्यानं चहा पाजला, पण परवानगी दिली नाही. "हुकूम आएगा," म्हणाला. तो हुकूम काही आला नाही. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा चहा झाला. शेवटी मी कंटाळलो. मित्रांपैकी दोघे कामधंद्याला लागले. मीही म्हणालो, "अय्या, सोडा आता. खोली व्हायची नाही आणि ज्वारीही सडून जायची."

"म्या बी कटाळलोय," अय्या म्हणाले. "पर गुरुवार येतोय की दर आठवड्याला. त्याला काय सांगू?"

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि निम्मं गाव पोराबाळांसह निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीच्या बाजूला निघून गेलं. आम्हीही गेलो. अय्यांना चला म्हटलं तर म्हणाले, "मला चालवत न्हाय. तुमी जाऊन या." गाव ओस पडलं, तरी जी चार चुली पेटत होत्या त्यांच्या उंबऱ्यांवर ते गुरुवारी बसतच राहिले, असं आम्ही परतल्यावर कळलं.

निजामाचा अंमल संपला आणि कुणाच्या हुकमाची गरज उरली नाही. पेव उघडायचं ठरलं. सगळं गाव लोटलं. तोंडावरचा दगड हलवून आतली वाफ जाऊ दिली, दिवा सोडून पाहिला, मग एक गडी दोराला धरून उतरला. मी देव पाण्यात घालून उभा होतो. पहिली पाटी वर आली. कडब्याला लागलेली थोडी काळवंडलेली होती, पण त्याखालची ज्वारी टपोरी, पांढरीशुभ्र, मोत्यासारखी. पाट्यांमागून पाट्या तशाच. पाटलांनी ओंजळभर घेऊन उंच धरली. "बघा! ह्ये आपल्या गावाचं दान! कुणी म्हणंल का भिक्षेची ज्वारी?" बायका एकमेकींकडं बघून हसल्या. माझी आई सगळ्यांत पुढं. गाड्या भरून ज्वारी लातूरच्या आडतीत गेली, तिथंही वाखाणली गेली आणि खोलीचा पाया खणला गेला.

मला मात्र चैन पडेना. मडक्यातली ज्वारी मी पाहिली होती. जमिनीत घातल्यानं किडकी ज्वारी चांगली कशी होईल? मी मठात गेलो. अय्यांच्या पत्नी गौराक्का जात्यावर बसल्या होत्या. मी विषय काढला मात्र, त्यांनी खुंटा सोडून दिला.

"मला काय इचारतो? ह्ये बघ!" त्यांनी सुपातली ज्वारी माझ्यापुढं सरकवली. काळी, भोकं पडलेली, किडे वळवळणारी. "मठाच्या इनामी रानात पिकती ती चांगली ज्वारी पुस्तकाच्या कणगीत घालायची आन झोळीतली माझ्या जात्यावर आणायची, असा बदला चाललाय इतकी वरसं. तुमच्या पेवाला मोती आन आमच्या भाकरीला किडं! निवडू निवडू माझं डोळं गेलं. म्हटलं, गावाला सांगा. तर म्हणत्यात, दमलीस तर ऱ्हाऊ दे, म्या निवडतो."

माझं डोकंच फिरलं. अय्या मागच्या पडवीत आडवे झाले होते. मी म्हणालो, "अय्या, आज चावडीवर सगळ्यांचं उघडं पाडतो. पाटलाचं, माझ्या आईचं, सगळ्यांचं!"

ते उठलेसुद्धा नाहीत. "गप बस. आन काय मिळवशील? बाया लाजतील आन पुन्यांदा दारच उघडायच्या न्हाईत. गावाला वाटतंय ना आपण चांगलं दिलं? वाटू दे. येकदा वाटलं की माणूस पुढच्या बारीला खरंच चांगलं देतो." मग कूस बदलून म्हणाले, "आन मला त्या भाकरीची सवय हाय. लहानपणापास्नं त्येच खाल्लंय."

मी चावडीवर काही बोललो नाही.

खोली उभी राहिली. छत पडलं त्या दिवशी अय्या आत गेले आणि गार फरशीवर घोंगडं टाकून झोपले. आत एकही पुस्तक नव्हतं. पेटीतली वाळवीनं खाल्ली होती आणि नवी घ्यायला काही उरलं नव्हतं. तिथंही कुणीतरी पाऊस विचारायला आलं. "पुस्तकं येऊ द्या रं," ते डोळे न उघडता म्हणाले. त्याच पावसाळ्यात ते गेले. आजार असा नव्हताच. सकाळी उठले नाहीत, एवढंच. त्यांना विश्रांती मिळाली, असं सगळे म्हणत होते. मला त्या शब्दाचाही राग आला. पुस्तकं येईपर्यंत तरी थांबायला हवं होतं त्यांनी.

सुगी झाल्यावर पुस्तकांसाठी झोळी घेऊन मी निघालो. उंबऱ्यावर बसायची माझी छाती नव्हती, मी उभाच राहिलो. पहिलं घर आमचंच. आई आत गेली, ती तडक कणगीकडं. सूपभर ज्वारी झोळीत ओतून म्हणाली, "वाचनालयाला आमी चांगलंच देतो बाबा. पयल्यापास्नं." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. पाटलांच्या सूनबाईंनी तर मला थांबवून घेतलं, पुन्हा पाखडून दिली.

झोळी घेऊन मी मठात गेलो आणि ती गौराक्कांच्या पुढ्यात रिती केली. त्यांना नीट दिसत नव्हतं. सवयीनं त्यांनी ज्वारीत बोटं घातली आणि किडे शोधत राहिल्या. हा ढीग चाळला, तो चाळला.

"येक बी न्हाय की रं," त्या म्हणाल्या.

"नाही, अक्का. सगळ्या घरची अशीच आहे."

त्यांनी मूठ भरून घेतली, तोंडाजवळ नेऊन वास घेतला आणि बराच वेळ ती तशीच धरून ठेवली.

"आत्ता देत्यात व्हय?" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हमसून रडल्या.