पासवर्ड मी सांगितला नाही

फोन, टीव्ही, संगणक सगळं हळूहळू एकाच तारेला जोडलं जाऊ लागलं होतं, ती वर्षं ही. हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, लोधीपुऱ्यातल्या घरात ती इंटरनेटची तार आली माझ्या हट्टामुळे. संगणक मी आधीच्या शिकवण्यांच्या पैशांतून घेतला होता आणि बैठकीत खिडकीशी मांडला होता. दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या मुली यायच्या. त्यांना मी टायपिंग शिकवायची, परीक्षेचे अर्ज भरायला शिकवायची. लग्नाआधी शाळेत नोकरी करायचं मनात होतं, ते पोळ्यांच्या धुरात विरून गेलं. पण दुपारच्या त्या वेळात मी कुणाची सून नसायची, मॅडम असायची. ते मला फार आवडायचं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संगणक माझा असला तरी हात मात्र सगळ्या घराचे. मोठे भाऊजी सकाळी केळीचे भाव बघायचे, त्यांची मुलं गेम खेळायची, पाहुणे आले की त्यांनाही काहीतरी लावून दाखवावं लागायचं. आमच्याकडे एकत्र घरात कुणाचं काही वेगळं नसतं. दिसेल ते उघडायचं आणि विचारेल त्याला हो म्हणायचं, असा सगळा कारभार. पडद्यावर काही विचारणा आली की भाऊजी ‘हो’ वर बोट ठेवून मोकळे व्हायचे. आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही, हा त्यांचा बाणा होता.

आणखी एक रीत सांगायला हवी. मोठे भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं ते मध्ये सासूबाईंना ठेवून; घरात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. मी समोर डोक्यावर पदर घेऊन उभी असले तरी ते म्हणायचे, “बाई, तिले सांग, चहा गोड झाला.” मग सासूबाई माझ्याकडे बघायच्या, जसं काही मी बहिरी आहे. मी उत्तर त्यांना द्यायची, त्या ते भाऊजींना पोचवायच्या. आयुष्यभर त्या माउलीनं हेच केलं, इकडचं तिकडे.

त्या संक्रांतीला जाऊबाईंनी हळदीकुंकवाला वेगळं वाण द्यायचं ठरवलं. दरवर्षी वाट्या नाहीतर गाळण्या, यंदा आरत्यांची सीडी. बाजारातल्या एका दुकानातून त्यांनी आरत्या भरलेल्या ढीगभर सीड्या आणल्या, वर हळदीकुंकवाची बोटं लावली आणि तिळगुळाबरोबर वाटल्या. सवाष्णीचं वाण नाकारत नाहीत, आणि न वापरता ठेवतही नाहीत. मी त्याच संध्याकाळी ती सीडी संगणकात घातली. आरत्या छान लागल्या. सासूबाईंनी तर हात जोडले.

पुढल्या आठवड्यात पडद्यावर खिडक्या उघडायला लागल्या. तुम्हाला बक्षीस लागलंय, तुमच्या संगणकाला धोका आहे, इथे दाबा, तिथे दाबा. एक बंद करावी तर दोन हजर, ढेकणांसारख्या. भाऊजी प्रत्येकीला हो म्हणत गेले. आणि एका दुपारी, मुली अर्ज भरत असताना, मधोमध एक जवळजवळ उघडी बाई आली. मी धावत जाऊन वायरच उपटली. पण मुलींनी पाहायचं ते पाहिलं होतं, आणि गल्लीला कान असतात. दुसऱ्या दिवशी एकीची आई दारातूनच म्हणाली, “भाभी, लडकी अब नहीं आएगी.” मग दुसरी थांबली, मग बाकीच्याही.

रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी निकाल दिला. “बाई, तिले सांग. ही मशीन घरात घाण आणते. महिनाअखेर विकून टाकू, अन् ती शिकवणीबी बंद.” नवरा वरणात भात कालवत म्हणाला, “बघू.” त्याचं ‘बघू’ म्हणजे मोठ्या भावाचं ‘हो’, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्या रात्री मला इतका संताप आला की भांडी घासताना पितळी तांब्याला पोचा पडला.

मी कुणाची वाट पाहिली नाही. हिंदीत निघणारं संगणकाचं मासिक आणलं, जळगावच्या भावाला फोन करून करून पिडलं. महत्त्वाचं तेवढं बाजूला काढून संगणक पुसून कोरा केला, सगळं नव्यानं भरलं, व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम टाकला, आगंतुक खिडक्या अडवल्या. मग खात्री करायला एकेक वस्तू तपासत बसले. आरत्यांची सीडी घातली मात्र, प्रोग्रॅमनं लाल चौकट दाखवून आरडाओरडा केला. देवाच्या पाठीमागे चोर लपून बसला होता. बिचाऱ्या जाऊबाईंचा यात काही दोष नव्हता, त्या दुकानदारालाही कदाचित ठाऊक नसेल.

चोर सापडला तरी दार उघडंच होतं. म्हणून मी शेवटचं काम केलं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं. भाव बघा, गेम खेळा, पण नवं काही आत घालायचं तर माझा पासवर्ड लागेल. तो फक्त मला माहीत.

दुसऱ्याच सकाळी कुठल्यातरी बक्षिसाचा प्रोग्रॅम भाऊजींना घेता येईना. सगळे बैठकीत जमले. “बाई, तिले विचार, पासवर्ड काय?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाई, त्यांना सांगा, तो मी कुणाला देणार नाही.”

“तिले सांग, या घरात आजवर कोणी कोणापासून कुलूप लावलं नाही.”

मग मी रीत मोडली. पदर डोक्यावर होता, तो तसाच राहू दिला, पण मान वर करून सरळ भाऊजींकडे पाहिलं. “भाऊजी, कुलूप नव्हतं म्हणूनच घाण आत आली, आणि नाव माझं खराब झालं. मशीन विकायची नाही. मुली परत येतील, त्यांना बोलवायला मी घरोघर जाणार आहे. पासवर्ड माझ्याजवळच राहील.”

भाऊजींचा चेहरा लाल झाला, ते चपला घालून निघून गेले. नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. शब्द मी मागे घेतला नाही. आजही घेत नाही.

त्याच दुपारी मी मुलींच्या घरी जायला साडी बदलत होते. सासूबाई आल्या आणि खोलीचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं. मला वाटलं, भाऊजींचा निरोप असेल. मी म्हटलं, “बाई, काय सांगितलंय त्यांनी?”

“त्यानं काई नाई सांगितलं. मीच आली.” त्या पलंगाच्या काठावर बसल्या, बराच वेळ बोटांनी चादरीची सुरकुती काढत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझी पेटी हाये ना, माहेरची. मी या घरात आली तवापासून समदे उघडतात तिले. येताना बाजारातून माझ्यासाठीबी एक कुलूप आणशील का?”