तिथीची पाऊणपट

“काय रे, आपल्या गुहागरला आज भरती किती वाजता?”

नोएडात मला कुणी सावरलं असेल, तर हा प्रश्न विचारणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी. आधी हे सांगून टाकतो, मग झालं काय ते.

मी त्यांच्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन, मूळ गुहागरचा. काकूंचा जन्म दिल्लीतच गेला. सरकारी नोकरीतून निवृत्त, घरात एकट्या. लहानपणी दर मे महिन्यात मात्र त्या मावशीकडे गुहागरला जायच्या. पंखा बिघडला म्हणून पहिल्यांदा गेलो, तर पंखा राहिला बाजूला आणि सुरूचं बन, केवडा, वाळूतले किल्ले हेच चाललं. मी त्याच वाळूत आईबरोबर शहाळी विकायला बसायचो.

“म्हणजे आमच्यासारखे लोळायचे, तेव्हा तुम्ही राबायचात!”

“तुम्ही लोळायचात म्हणून तर शहाळी खपायची, काकू.”

त्यानंतर तो पंखा अधूनमधून उगाचच बिघडायचा. मीही उगाचच स्टुलावर चढायचो. तुम्हीही पाहिलं असेल, एकट्या माणसाच्या घरात बिघाड फार.

मग सोसायटीचं काम नव्या कंपनीकडे गेलं. वर्षभरात दहावी झाला नाहीत तर घरी, असं सुनावलं. मी आठवीतून पळालेला, अपूर्णांकांना घाबरून. काकूंनी मुक्त विद्यालयाचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. म्हटलं, गणित नाही जमायचं.

“बरं, राहू दे. आज भरती कधी?”

“षष्ठी आहे. साडेचारला.”

“कसं काढलंस?”

“तिथीची पाऊणपट करायची. सहाची साडेचार. आमच्याकडे सगळेच करतात.”

त्यांनी वहीत लिहिलं: सहा गुणिले तीन छेद चार. “अच्छा! आणि म्हणे अपूर्णांक येत नाहीत! गाढवा!”

त्या दिवसापासून ड्युटी संपली की तासभर अभ्यास. चुकलो की, “चलो, परत.”

परीक्षा सुरू झाली त्याच आठवड्यात दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “बेटी के यहाँ घूमने गयी हैं.” शेवटचा पेपर देऊन आलो, तेव्हा तिनेच खरं सांगितलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. खुबा मोडला, लेक हैदराबादला घेऊन गेली. “पेपर संपेपर्यंत त्याला कळता कामा नये,” अशी स्ट्रेचरवरून ताकीद होती.

निकाल लागला तसा फोन केला. आवाज बारीक झाला होता.

“गणितात?”

“बासष्ट.”

“बासष्टच? चलो, ठीक,” आणि पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

नोकरी टिकली. चौथ्या मजल्यावर आता भाडेकरू आहेत. चांगली माणसं आहेत, मला भैया म्हणतात. आठवडा आठवडा मराठीत तोंड उघडायची वेळ येत नाही.

काकू आता चाकाच्या खुर्चीत असतात. एक दिवस मी हैदराबादला जाणार आणि त्यांना गुहागरला नेणार. वाळूत चाकं रुततात, ठाऊक आहे मला. तिथून पुढे उचलून नेईन.