उद्या पहिली मॅच साहेबांशी

मंडळी, उद्यापासून भंडाऱ्यात आपली हौशी टेनिस स्पर्धा आहे. आज संध्याकाळी सगळ्यांचा सराव पाहून आलो. तुमसरचे राइस मिलवाले सर्व्हिस दणकून करतात, पण लवकर दमतात. सानगडीच्या गुरुजींचा बॅकहँड जबरदस्त आहे.

माझी पहिली मॅच मात्र आमच्या ऑफिसच्या साहेबांशी आहे. आपल्याकडे अंपायर नसतो, बॉल आत की बाहेर ते समोरचाच सांगतो. साहेबांचा बॉल हातभर बाहेर पडला तरी आम्ही सगळे म्हणतो, "लाइनवर आहे, साहेब!"

आज निघताना साहेबांनी मले बाजूला घेतलं. "उद्या बाहेर पडला तर बाहेरच म्हणजो, बाबू. मी खेळतो कसा, मले अजून समजलंच नाही."

तेव्हापासून चैन नाही. रॅकेट ठेवून आरशासमोर "बाहेर, साहेब" म्हणायची प्रॅक्टिस करून राहिलो. आवाजच फुटत नाही.

तुमचा फुटला असता का?